मदत जाहीर झाली, पण पोचली का? युद्धग्रस्तांसाठीच्या सरकारी घोषणांचा माग कसा काढायचा

परदेशात युद्ध पेटलं की काही दिवसांतच मदतीचे आकडे यायला लागतात. कुठलं सरकार इतके कोटी डॉलर जाहीर करतं, कुठलं इतके टन औषधं. मग हे आकडे व्हॉट्सॲपवर, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत, भाषणांत आणि अग्रलेखांतही फिरतात, आणि त्यांत त्याच त्या चुका दिसतात. जाहीर झालेली रक्कम पोचलेली धरली जाते. एकाच मदतीची दोनदा बातमी आली की दोन्ही आकड्यांची बेरीज होते. चार वर्षांसाठीची रक्कम एका वर्षाची म्हणून छापली जाते. उलट, एखाद्या यादीत आपल्या देशाचं नाव दिसलं नाही की ‘भारताने काहीच दिलं नाही’ असं सांगून लोक मोकळे होतात.

यात नुसता हिशेब चुकत नाही. ‘मदत पोचली’ असा समज पसरला की पुढे कुणी विचारत नाही, आणि ज्यांच्यासाठी ती मदत होती ते वाट बघत राहतात. पत्रकारितेचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षा देणारे आणि आपल्या खासदाराला नेमका प्रश्न विचारू पाहणारे नागरिक यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे. उदाहरणं मुख्यतः भारताने अफगाणिस्तान आणि पॅलेस्टाइनसाठी दिलेल्या मदतीची घेतली आहेत. जिथे दुसऱ्या देशाचं उदाहरण जास्त बोलकं आहे तिथे ते घेतलं आहे.

पायऱ्यांचा क्रम बदलू नका. पुष्कळ जण थेट पाचव्या पायरीवर, संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर जातात आणि तिथला आकडा भलत्याच घोषणेला जोडतात.

## तयारी

एक तक्ता उघडा. गुगल शीट असो की वही, रकाने हेच ठेवा: घोषणेची तारीख, घोषणा करणारा, रक्कम किंवा वजन (मूळ चलनात, मूळ एककात), कालावधी, कोणत्या देशासाठी, कुणामार्फत, टप्पा, पुरावा, आणि शेवटचं तपासलं ती तारीख. एका ओळीत एकच घोषणा लिहा. दोन घोषणा एका ओळीत आल्या की पुढे दुबार मोजणी ओळखता येत नाही.

एककं आधीच पक्की करून घ्या. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, अर्थात एक अब्ज. ‘५ मिलियन डॉलर’चं ‘५ कोटी डॉलर’ करणं ही सर्वाधिक दिसणारी चूक आहे. खरा आकडा ५० लाख डॉलर. रुपयांत रूपांतर अगदी शेवटी करा, घोषणेच्या दिवसाच्या दराने, आणि तो दर शेजारी लिहून ठेवा. टनाचंही तसंच. भारतीय निवेदनांतला टन हा १,००० किलोंचा असतो, अमेरिकेतला प्रचलित टन साधारण ९०७ किलोंचा.

पडताळा: आकडा शक्य आहे का, हे वाहतुकीवरून तपासा. फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीहून अफगाणिस्तानसाठी गव्हाची पहिली खेप निघाली तेव्हा ५० ट्रकांत २,५०० टन गहू होता, म्हणजे ट्रकमागे ५० टन. त्या हिशेबाने जाहीर झालेल्या ५०,००० टनांना एक हजार फेऱ्या लागतात. एवढं गणित केलं तरी ‘५०,००० टन रवाना’ हे एका दिवसाच्या बातमीत बसत नाही, हे लक्षात येतं.

## १. मूळ वाक्य मिळवा

बातमी बाजूला ठेवा आणि ज्या निवेदनावरून ती बनली ते शोधा. भारताच्या बाबतीत परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची प्रसिद्धिपत्रकं, प्रवक्त्यांची साप्ताहिक पत्रकार परिषद, प्रवक्त्यांचं अधिकृत समाजमाध्यम खातं आणि संसदेतली लेखी उत्तरं या चार जागा बघा. मदत घेणाऱ्या देशातल्या भारतीय दूतावासाचं किंवा प्रतिनिधी कार्यालयाचं पानही पाहा. आर्थिक मदतीचा हप्ता सुपूर्द झाल्याची बातमी अनेकदा आधी तिथेच येते.

वाक्यातलं क्रियापद नीट वाचा. ‘देणार आहे’, ‘मंजूर केले’, ‘सुपूर्द केले’, ‘रवाना झाले’, ‘वाटप झाले’ ही पाच वेगळी विधानं आहेत. मथळ्यात बहुतेक वेळा या सगळ्यांचं ‘दिले’ होतं. तुमच्या तक्त्यात मूळ क्रियापद जसंच्या तसं उतरवा.

सावध: निवेदन इंग्रजीत आणि बातमी मराठीत असेल तर आकडा मराठी बातमीतून घेऊ नका. मिलियन-बिलियनचा घोळ तिथेच होतो.

## २. वाक्य फोडा

आता त्या एका वाक्याला सहा प्रश्न विचारा.

पैसा की वस्तू? वस्तूंना वजन असतं, किंमत नेहमी सांगितलेली नसते. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी भारतीय हवाई दलाचं सी-१७ विमान गाझासाठीची सामग्री घेऊन इजिप्तमधल्या अल-अरिशला गेलं. त्यात सुमारे साडेसहा टन वैद्यकीय साहित्य आणि ३२ टन आपत्ती साहित्य होतं. जीवरक्षक औषधं, शस्त्रक्रियेचं साहित्य, तंबू, स्लीपिंग बॅग, ताडपत्र्या, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या. याची ‘इतके कोटी’ अशी किंमत तुम्ही स्वतः लावू नका. दहा टन ताडपत्री आणि दहा टन कर्करोगाची औषधं यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

किती काळासाठी? फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत सीरिया आणि शेजारी देशांसाठी १२ अब्ज डॉलरच्या वर घोषणा झाल्या. त्यातले ६ अब्ज २०१६ साठी होते आणि उरलेले २०१७ ते २०२० या चार वर्षांसाठी. नुसता ‘१२ अब्ज’ लिहिला तर वाचणारा तो त्याच वर्षाचा समजणार.

अनुदान की कर्ज? परिषदांच्या शेवटी निघणाऱ्या निवेदनात दोन्ही आकडे असतात. २०२० च्या ब्रसेल्स परिषदेत सीरियासाठी अनुदानाच्या घोषणा झाल्या तशीच सवलतीच्या कर्जाचीही मोठी रक्कम वेगळी जाहीर झाली. कर्ज फेडायचं असतं, त्यामुळे त्याला स्वतंत्र ओळ द्या.

नागरिकांसाठी की लष्करासाठी? युक्रेनच्या बाबतीत हा प्रश्न टाळताच येत नाही. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये मंजूर केलेल्या सुमारे ६१ अब्ज डॉलरांना सगळीकडे ‘मदत’ म्हटलं गेलं. त्यातला मोठा भाग लष्करी होता. जर्मनीतल्या कील इथली अर्थसंशोधन संस्था युक्रेनच्या मदतीची नोंद ठेवते आणि लष्करी, आर्थिक, मानवतावादी असे तीन भाग वेगळे दाखवते. युक्रेनवर लिहिणार असाल तर तिथूनच सुरुवात करा.

कुठे खर्च होणार? देणाऱ्या देशातच राहणाऱ्या निर्वासितांवरचा पहिल्या वर्षाचा काही खर्च परदेशी मदत म्हणून मोजण्याची मुभा श्रीमंत देशांच्या नियमांत आहे. ब्रिटनने २०२३ मध्ये आपल्या एकूण विकासमदतीतले ४.३ अब्ज पौंड, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक, ब्रिटनमधल्याच निर्वासितांवर आणि आश्रयार्थींवर खर्च केले. तो खर्च गरजेचा असेलही, पण तो पैसा युद्धक्षेत्रात गेलेला नाही.

नेमकं कुणासाठी? इथे पॅलेस्टाइनबाबत फार गोंधळ होतो. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था, यूएनआरडब्ल्यूए, गाझा, वेस्ट बँक, जॉर्डन, लेबनॉन आणि सीरिया अशा पाच ठिकाणी काम करते. भारत २०१८ पासून या संस्थेला दरवर्षी ५० लाख डॉलर देत आला आहे आणि ती रक्कम शाळा, दवाखाने, सामाजिक सेवा अशा नियमित कामांसाठी असते. म्हणजे ती ऑक्टोबर २०२३ च्या युद्धानंतर नव्याने सुरू झालेली नाही आणि फक्त गाझासाठीही नाही. ‘गाझा युद्धासाठी भारताचे ५० लाख डॉलर’ या मथळ्यात दोन चुका आहेत. तरीही त्या पैशाचं मोल कमी होत नाही. संस्थेची नियमित कामं चालू राहिली नसती तर युद्ध सुरू झाल्यावर मदत वाटायला माणसं आणि जागा कुठून आल्या असत्या?

## ३. टप्पा ठरवा

प्रत्येक ओळीला चारपैकी एकच टप्पा द्या.

घोषित: सरकारने तोंडी किंवा लेखी इरादा सांगितला. कायद्याने बंधनकारक नाही.

करारबद्ध: सरकार आणि मदत स्वीकारणारी संस्था यांच्यात लेखी करार झाला.

अदा: पैसे खात्यात गेले किंवा वस्तू स्वीकारणाऱ्याच्या ताब्यात दिल्या.

पोचलेली: लोकांपर्यंत वाटप झालं.

अफगाणिस्तानच्या गव्हात हे टप्पे स्वच्छ दिसतात, म्हणून सरावाला तेच प्रकरण घ्या. तालिबानच्या हाती काबूल गेल्यावर, ऑक्टोबर २०२१ मध्ये, भारताने पाकिस्तानमार्गे ५०,००० टन गहू पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. हा झाला घोषित टप्पा. पाकिस्तानने नोव्हेंबरमध्ये वाट द्यायचं तत्त्वतः मान्य केलं, पण ट्रक कुणाचे यावरून पुढची बोलणी लांबली. शेवटी अफगाण ट्रक येऊन माल उचलतील असं ठरलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाशी रोममध्ये करार झाला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला पहिले ट्रक अटारीहून जलालाबादच्या दिशेने निघाले. प्रस्ताव आणि पहिलं पोतं यांत चार महिने गेले, तेही अफगाणिस्तानच्या ऐन हिवाळ्यातले. त्या वाटेने सुमारे ४०,००० टन गहू गेला. मार्च २०२३ मध्ये भारताने इराणच्या चाबहार बंदरातून २०,००० टन पाठवण्याचं जाहीर केलं.

बेरीज किती? घाईत ५० आणि २०, सत्तर हजार टन असं उत्तर येतं. पण जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने तोवर पाठवलेल्या मदतीची यादी दिली त्यात गहू ५०,००० टन आहे. तेव्हा पाठवलेल्या गव्हापुढे ५०,००० लिहायचे. चाबहारची घोषणा वेगळ्या ओळीत ‘घोषित’ म्हणून राहते, तिचं वजन पाठवलेल्या आकड्यात मिळवायचं नाही.

सावध: करार झाला म्हणजे काम पक्कं झालं असं धरू नका. जानेवारी २०२४ मध्ये यूएनआरडब्ल्यूएच्या काही कर्मचाऱ्यांवर हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सामील असल्याचे आरोप झाले, तेव्हा अमेरिकेसह अनेक देशांनी निधी थांबवला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि नंतर यूएसएड या आपल्या मदतसंस्थेचे बहुसंख्य कार्यक्रम रद्द केले. त्यांत आधीच करार झालेली कामंही होती. म्हणून ‘करारबद्ध’ ओळी पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात.

## ४. दुबार मोजणी काढा

बेरीज करण्याआधी तक्ता तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक नव्या आकड्याला एक प्रश्न विचारा: हा आधीच्या एखाद्या आकड्यात सामावलेला तर नाही?

गाझाच्या सामग्रीचं बघा. २२ ऑक्टोबर २०२३ ची खेप ३८.५ टनांची. १९ नोव्हेंबर २०२३ ची दुसरी खेप ३२ टनांची. त्यानंतर सरकारी निवेदनांत ‘७० टन मदत, त्यात १६.५ टन औषधं’ असा आकडा येऊ लागला. तो तिसऱ्या खेपेचा नाही, आधीच्या दोन्हींची बेरीज आहे. तो वेगळा धरला तर एकूण मदत दुप्पट दिसते.

पैशाच्या हप्त्यांचंही असंच होतं. जुलै २०२४ मध्ये भारताने यूएनआरडब्ल्यूएला २५ लाख डॉलर दिले, ते २०२४-२५ च्या ५० लाखांचा पहिला हप्ता म्हणून. ५० आणि २५ मिळवून ७५ लाख लिहिणं चूक.

याच्या उलट चूकही होते आणि ती सहसा ध्यानात येत नाही. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी भारताने यूएनआरडब्ल्यूएमार्फत ३० टन औषधं आणि अन्न रवाना केलं. २९ ऑक्टोबरला पुन्हा ३० टनांची बातमी आली. वजन तेच, महिना तोच, म्हणून ती जुनी बातमी समजून पुसली जाते. पण पहिल्या खेपेत औषधांबरोबर दंतोपचाराचं साहित्य आणि उच्च ऊर्जेची बिस्किटं होती, तर दुसरीत जीवरक्षक आणि कर्करोगावरची औषधं. या दोन वेगळ्या खेपा आहेत. म्हणून वजनावर थांबू नका, यादीतल्या वस्तू जुळवा.

मोठ्या परिषदांचे आकडे तर आणखी सावधपणे हाताळावे लागतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये कैरोच्या परिषदेत पॅलेस्टिनींसाठी ५.४ अब्ज डॉलर जाहीर झाले. जागतिक बँकेने पुढे देशवार हिशेब ठेवला तेव्हा त्यातले गाझासाठीचे ३.५ अब्ज निघाले, आणि परिषदेला जवळजवळ वर्ष होत आलं तरी त्यांतलेही साधारण एक तृतीयांशच हाती आले होते. परिषदेत उभं राहून सांगितलेल्या रकमेत आधीच ठरलेला पैसा पुन्हा सांगितला जातो. ‘यात नवीन किती?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय परिषदेचा आकडा वापरू नका.

पडताळा: परिषदेत जमलेली रक्कम मागितलेल्या रकमेशेजारी लिहा. मार्च २०२१ मध्ये येमेनसाठी ३.८५ अब्ज डॉलर मागितले होते, घोषणा झाल्या सुमारे १.७ अब्जांच्या. पुढच्या मार्चमध्ये मागणी ४.२७ अब्ज होती, घोषणा १.३ अब्ज. एकटा ‘१.३ अब्ज’ भरघोस वाटतो. शेजारी मागणी लिहिली की तो एक तृतीयांशाहूनही कमी आहे हे कळतं.

## ५. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत शोधा

मानवतावादी कामाचा समन्वय करणारं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय, ज्याला सगळे ‘ओचा’ म्हणतात, ‘फायनान्शियल ट्रॅकिंग सर्व्हिस’ नावाची नोंदवही चालवतं. ती सर्वांना खुली आहे, लॉग-इन लागत नाही. तिथे देशानुसार, देणगीदारानुसार किंवा वर्षानुसार शोधता येतं.

शोधताना आधी देणगीदार म्हणून सरकारचं नाव निवडा, मग वर्ष, मग मदत घेणारा देश. प्रत्येक नोंद उघडा. तिच्यात टप्पा दिलेला असतो (घोषित, करारबद्ध की अदा), नोंदीची तारीख असते, पैसा की वस्तू ते असतं आणि स्वीकारणारी संस्था असते. या चार गोष्टी तुमच्या ओळीशी जुळल्या तरच ती तुमची नोंद.

तिथली ठळक अक्षरांतली ‘एकूण निधी’ची रक्कम करारबद्ध आणि अदा झालेल्या नोंदींची असते. नुसत्या घोषणा वेगळ्या दाखवतात. त्यामुळे वर्तमानपत्रातला आकडा तिथल्या एकूण आकड्यापेक्षा मोठा दिसला तर लगेच ‘पैसे बुडवले’ म्हणू नका. आधी घोषित रकान्यात बघा.

सावध: ही नोंद ऐच्छिक आहे. सरकारं आणि संस्था जे कळवतात तेच तिथे चढतं. भारत श्रीमंत देणगीदार देशांच्या ओईसीडी समितीचा सदस्य नाही आणि तिथे आपली मदत नियमितपणे कळवतही नाही. थेट दुसऱ्या सरकारला दिलेल्या वस्तू तर अशा नोंदींतून सहज निसटतात. भारताचं नाव सापडलं नाही तर ‘नोंद सापडली नाही’ एवढंच लिहा. ‘दिलं नाही’ असं लिहायला वेगळा पुरावा लागतो.

यूएनआरडब्ल्यूए दरवर्षी देणगीदारांची क्रमवार यादी प्रसिद्ध करते. तिचं शीर्षक वाचा. ती यादी घोषणांची असते, त्यामुळे ती ‘अदा’चा पुरावा म्हणून चालत नाही.

## ६. अर्थसंकल्पात बघा

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान मागण्यांत ‘देशांना मदत’ या शीर्षाखाली देशवार रकमा मिळतात. प्रत्येक देशापुढे अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे आकडे असतात. लोक पहिला घेतात. तुम्हाला हवा तो तिसरा, आणि तो दोन वर्षं उशिराने छापला जातो.

अफगाणिस्तानचं उदाहरण घ्या. २०२४-२५ चा अंदाज २०० कोटी रुपये होता, सुधारित अंदाजात तो ५० कोटींवर आला, आणि २०२५-२६ साठी १०० कोटी ठेवले गेले. याला ‘मदत निम्मी केली’ म्हणता येतं आणि ‘दुप्पट केली’ही म्हणता येतं. कोणत्या रकान्याशी तुलना केली हे न सांगता यातलं एकही वाक्य लिहू नका.

आणखी एक. देशवार शीर्षातली रक्कम विकासकामं, शिष्यवृत्ती, प्रकल्प अशा सगळ्यांसाठी असते. त्यातली मानवतावादी मदत किती, हे या कागदावरून कळत नाही. आपत्ती मदतीचं वेगळं शीर्ष आहे तेही बघून घ्या.

## ७. सीमेवर काय झालं ते तपासा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण विमान उतरल्याचा फोटो आला की बातमी संपते.

अल-अरिश गाझात नाही. ते इजिप्तच्या सिनाईत आहे आणि रफाह सीमाचौकीपासून सुमारे ४५ किलोमीटर दूर. विमानातून उतरलेला माल इजिप्तच्या रेड क्रेसेंटकडे जातो, तिथून ट्रकवर चढतो, तपासणीच्या रांगेत लागतो. अनेक देशांचा माल त्या रांगेत आठवडेच्या आठवडे अडकला. ७ मे २०२४ रोजी इस्रायली सैन्याने रफाहची पॅलेस्टिनी बाजू ताब्यात घेतली आणि ती वाट बंद झाली. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ ची वाट गृहीत धरून ऑक्टोबर २०२४ च्या खेपेबद्दल लिहिता येत नाही. शिवाय ‘पॅलेस्टाइनला पाठवलेली’ मदत वेस्ट बँकमध्ये, तिथल्या आरोग्य मंत्रालयाकडेही जाऊ शकते. निवेदनात ‘गाझा’ हा शब्द नसेल तर तुम्ही घालू नका.

तपासणी अशी करा:

माल कोणत्या विमानतळावर किंवा बंदरात उतरला ते लिहा. तिथून युद्धक्षेत्रात जाणारी चौकी त्या आठवड्यात उघडी होती का, हे ओचाच्या परिस्थिती अहवालांत बघा. गाझासाठी सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर २०२३ मधल्या २७२० क्रमांकाच्या ठरावानंतर संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओपीएस या संस्थेने मालवाहतुकीचा ऑनलाइन फलक (डॅशबोर्ड) सुरू केला. चौकीवरून उचललेला माल, ठिकाणी पोचलेला माल आणि वाटेत अडवला किंवा लुटला गेलेला माल असे वेगळे आकडे त्यात मिळतात. मात्र ते त्या यंत्रणेत नोंदलेल्या मालाचेच असतात.

मग स्वीकारणाऱ्या संस्थेचा वाटपाचा अहवाल शोधा. त्यात बहुधा देणगीदाराचं नाव सापडणार नाही, कारण गोदामात सगळ्या देशांचा माल एकत्र होतो. अशा वेळी ‘भारताची बिस्किटं अमुक इतक्या मुलांना मिळाली’ असं ठामपणे म्हणता येत नाही. ‘भारताने माल संस्थेकडे सुपूर्द केला, आणि संस्थेने त्या काळात इतकं वाटप केलं’ इथवरच जाता येतं.

सावध: हवाईपट्टीवरच्या पेट्यांचा फोटो हा ‘अदा’चा पुरावा असू शकतो. ‘पोचलेली’चा तो नाही.

## ८. कागद मागा

इथवर येऊनही एखादा रकाना रिकामा राहिला तर सरकारकडेच मागणी करता येते. दोन वाटा आहेत.

संसद. आधी जुनी उत्तरं शोधा. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालयाचं नाव आणि विषय टाकून शोधता येतं, आणि तुमचा प्रश्न कुणीतरी आधीच विचारलेला असण्याची शक्यता बरीच असते. नसेल तर आपल्या खासदाराला पत्र लिहा. लोकसभेत प्रश्नासाठी किमान १५ पूर्ण दिवसांची पूर्वसूचना लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. अतारांकित प्रश्न सुचवा. त्याला लेखी उत्तर मिळतं आणि आकडे लेखीच हवेत.

माहिती अधिकार. केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर परराष्ट्र मंत्रालय निवडा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जाचा मजकूर ३,००० अक्षरांत बसवावा लागतो. इंग्रजी किंवा हिंदीत लिहिलात तर दिल्लीत वेळ वाचतो. मजकूर साधारण असा असावा:

‘२०२३-२४ आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षांत पॅलेस्टाइनमधील नागरिकांसाठी पाठवलेल्या मानवतावादी मदतीच्या प्रत्येक खेपेबाबत पुढील माहिती द्यावी: रवाना झाल्याची तारीख, वस्तूंची यादी व वजन, स्वीकारणाऱ्या संस्थेचे नाव, सुपूर्द केल्याची तारीख, वस्तू व वाहतुकीवरील खर्च आणि तो ज्या लेखाशीर्षाखाली दाखवला ते शीर्ष, पोचपावतीची प्रत.’

‘मदत उशिरा का गेली?’ असं विचारू नका. जनमाहिती अधिकाऱ्याने कार्यालयात असलेली माहिती द्यायची असते, कारणमीमांसा किंवा मत देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. त्याच गोष्टीसाठी ‘निर्णयाच्या टिप्पणीची प्रत’ मागता येते.

परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन, कलम ८(१)(अ) खाली, नकार येऊ शकतो. तेव्हा ३० दिवसांत प्रथम अपील करा आणि कलम १० चा आधार घ्या: गोपनीय भाग झाकून उरलेला भाग देता येतो. सरकारने स्वतःच वजन आणि तारीख जाहीर केली असेल तर पोचपावती गोपनीय का, हा मुद्दा मांडा. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

हा अधिकार भारतीय नागरिकांनाच आहे, ओसीआय कार्डधारकांना नाही. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र तिथल्या सरकारच्या मदतीबद्दल तिथल्या माहिती कायद्याखाली विचारता येतं. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी नागरिकत्वाची अट नाही आणि प्राथमिक मुदत २० कामकाजाच्या दिवसांची आहे. अमेरिकेत ती अनेकदा पाळली जात नाही, तेव्हा लवकर अर्ज करा.

## ९. आकडा लिहा

वाक्यात पाच गोष्टी हव्यात: कुणी, किती, कोणत्या टप्प्यावर, कुणामार्फत, कोणत्या तारखेपर्यंत. नमुना म्हणून:

‘भारताने २२ ऑक्टोबर आणि १९ नोव्हेंबर २०२३ रोजी गाझासाठी दोन खेपांत मिळून सुमारे ७० टन साहित्य इजिप्तमध्ये उतरवलं. त्यात १६.५ टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य होतं.’

या वाक्यात ‘गाझाला पोचवलं’ नाही, कारण आपल्या हातातला पुरावा इजिप्तपर्यंतचा आहे.

दोन देशांची तुलना करायची असेल तर दोघांचा टप्पा आणि कालावधी एकच असावा. एकाची घोषणा आणि दुसऱ्याचं अदा झालेलं शेजारी ठेवलं की घोषणा करणारा नेहमी जिंकतो. वस्तू आणि पैसा यांची एकत्र क्रमवारी लावू नका.

तक्ता प्रसिद्धीनंतर बंद करू नका. ‘घोषित’ ओळी तीन महिन्यांनी, ‘करारबद्ध’ ओळी सहा महिन्यांनी पुन्हा उघडा आणि शेवटच्या तपासणीची तारीख बदला. टप्पा पुढे सरकला असेल तर जिथे आधीचा आकडा लिहिला होता तिथेच दुरुस्ती करा. अर्थसंकल्पाच्या ओळींना मात्र घाई करून उपयोग नाही: २०२५-२६ चा प्रत्यक्ष खर्च फेब्रुवारी २०२७ च्या कागदपत्रांत येईल, तोवर तो रकाना रिकामाच ठेवा.